नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज टाकावी का?

ओलीशाई

मंडळी, सल्ला हवाय.

गेल्या आठवड्यात नवा लॅपटॉप घेतला. इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (नव्या, वेगवान जोडणीची डिस्क), आत आधीपासूनच विंडोज ११ होम. लॅपटॉपबद्दल तक्रार नाही. वेगवान आहे, तापत नाही. अडचण दुसरीच आहे.

माझ्याकडे ३५ मिमी निगेटिव्हचा एक जुना फिल्म स्कॅनर आहे. त्याचं सॉफ्टवेअर शेवटचं निघालं ते विंडोज ७ साठी. इतकी वर्षं जुन्या डेस्कटॉपवर काम चालू होतं. महिन्यापूर्वी त्याचा मदरबोर्ड गेला. बाबांनी काढलेल्या फोटोंचे ४० रोल आहेत, प्रत्येकी ३६ फोटो. १४ रोल झाले, २६ राहिलेत. काही निगेटिव्हचे रंग उडायला लागलेत, त्यामुळे थांबून राहायचं नाहीये.

नव्या लॅपटॉपला स्कॅनर जोडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं पिवळं चिन्ह येतं. सीडीवरचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्कॅनर चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम, बसत नाही. कंपनीला विचारलं, तर या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर निघणार नाही असं कळवलं.

विंडोज ७ ची रिटेल डबी माझ्याकडे आहे, चावीसकट. तर ११ पुसून ७ टाकू का? ७ जमत नसेल तर १०? कुणी केलंय का असं?

खडूफळा

लॅपटॉप तुमचा आहे, त्यात काय टाकायचं ते तुम्ही ठरवायचं. मी गेल्या वर्षी ११ काढून १० टाकली. दोन तासांचं काम. ७ च्या फंदात पडू नका, पण १० खुशाल टाका. जुने ड्रायव्हर १० वर बरेच चालतात.

पेटीमास्तर

आधी थोडी माहिती द्या. स्कॅनर यूएसबीचा की फायरवायरचा? मेलेल्या डेस्कटॉपवर विंडोज ७ होती ती ३२ बिट की ६४ बिट (विंडोजचे हे दोन वेगळे प्रकार, ड्रायव्हरही वेगवेगळे)? हा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

ओलीशाई

स्कॅनर यूएसबी २ चा. डेस्कटॉपवर कोणती होती ते आता आठवत नाही. डबीत दोन्ही डीव्हीडी आहेत, ३२ आणि ६४. रॅम २ जीबी होती.

निशिगंध

ताई, एसएसडीला हात लावण्याआधी माझा अनुभव वाचा.

दोन वर्षांपूर्वी मी नव्याकोऱ्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकायला बसलो होतो. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला आणि पहिल्याच पायरीला 'सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही' म्हणून थांबला. डीव्हीडीचा काही संबंध नव्हता. विंडोज ७ आली २२ ऑक्टोबर २००९ ला, आणि तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. लॅपटॉपचे सगळे पोर्ट यूएसबी ३ चे. म्हणजे ज्या पेनड्राइव्हवरून सेटअप चालू झाला, तोच पेनड्राइव्ह सेटअपला पुढे दिसेनासा होतो. एनव्हीएमईचंही तेच. त्याचं पहिलं मानक २०११ चं, ७ ला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. एक रात्र घालवून दोन्ही ड्रायव्हर सेटअपच्या फाइलींमध्ये मिसळले.

दुसऱ्या रात्री सेटअप पुढे गेला, विंडोजचं चिन्ह आलं आणि तिथेच गोठला. या वेळी कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या आतल्या प्रोग्राममध्ये होतं. ७ ला पडद्यावर चित्र उमटवायला बायॉस या जुन्या फर्मवेअरची एक सेवा लागते. यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये ती सेवा सीएसएम नावाच्या सोयीमुळे मिळायची. माझ्या लॅपटॉपमध्ये सीएसएम नव्हतंच. नव्या लॅपटॉपांत ते बहुतेक काढून टाकलेलं असतं.

तोवर मी सगळी पार्टिशन पुसली होती, रिकव्हरीचंसुद्धा. तिसरी रात्र ११ परत टाकण्यात गेली. दुसऱ्या संगणकावर सेटअपचा पेनड्राइव्ह बनवला, वायफायचा ड्रायव्हर वेगळा उतरवून आणला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. चावी मात्र शोधावी लागली नाही. विंडोज ८ पासून ती फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते, सेटअप आपणहून वाचतो.

बाराव्या पिढीच्या लॅपटॉपवर ७ चा नाद सोडाच. बसली तरी ग्राफिक्सला ड्रायव्हर नाही, वायफायला नाही, टचपॅडला नाही.

भरतीओहोटी

जुनी खिडकी बसवायची तर चौकट तरी त्याच मापाची हवी!

तिसरामजला

निशिगंध, तुमचं वाचून २००८ आठवलं. ऑफिसात व्हिस्टा बिझनेसचे लॅपटॉप आले होते आणि आमचे सगळे प्रोग्राम एक्सपीवरचे. व्हिस्टा बिझनेसच्या परवान्यात एक्सपी प्रोफेशनलवर उतरायची मुभा होती, त्यामुळे कायद्याने अडचण नव्हती. पण एक्सपीचा सेटअप सुरू केला की निळा पडदा, त्यावर शेवटी ७बी हा एररचा क्रमांक. डिस्क एएचसीआय या नव्या जोडणीच्या पद्धतीवर आणि एक्सपीला ती पद्धत माहीत नाही. ड्रायव्हर द्यायचा तर एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यायचा, आणि लॅपटॉपला फ्लॉपीच नाही! शेवटी बायॉसमध्ये डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीवर टाकली. असे ११ लॅपटॉप केले.

आज मात्र मी कुणाला मागे जायला सांगणार नाही. ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. १० चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार, ईमेल सगळं होणार ना?

खडूफळा

तिसरामजला, १० साठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना आहे, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. १० लगेच उघड्यावर पडलेली नाही. आणि 'नवं ते सुरक्षित' म्हणून माणसाने चांगला स्कॅनर फेकून द्यायचा का? वस्तू धडधाकट आहे, फक्त तिचं सॉफ्टवेअर कुणी सांभाळत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

तिसरामजला

फेका असं मी म्हटलंच नाही. स्कॅनरचा राग मलाही येतो. पण एका स्कॅनरसाठी सगळा लॅपटॉप मागे नेणं मला पटत नाही.

रानवाट

अवांतर: मॅकवाल्यांना हा प्रश्न फारसा पडतच नाही. मॅक ज्या आवृत्तीसह बाहेर पडतो, त्याहून जुनी आवृत्ती त्यावर सहसा चालू होत नाही. वाद घालायला जागाच नाही.

पेटीमास्तर

ओलीशाई, स्कॅनरच्या सीडीवर ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती असलेली) असेल. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि 'एएमडी६४' असा शब्द शोधा. इंटेलच्या मशीनसाठीही शब्द तोच असतो, गोंधळू नका. सापडला तर ६४ बिटचा ड्रायव्हर आहे. नाही सापडला तर फक्त ३२ बिटचा.

सापडला, तर विंडोज बदलण्याआधी एक गोष्ट बघा. नव्या लॅपटॉपांवर ११ मध्ये 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण बहुधा चालू असतं. पुष्कळ जुने ड्रायव्हर त्यामुळेच अडतात. ते बंद करून ड्रायव्हर बसतो का पाहता येईल. संरक्षण कमी होतं हे खरं, त्यामुळे तो कायमचा उपाय समजू नका. पण अडथळा कुठे आहे ते तरी कळेल.

नाही सापडला, तर १० टाकूनही काही होणार नाही. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचे साधे प्रोग्राम चालतात, पण ड्रायव्हर चालत नाही. ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, विंडोजच्या गाभ्यात, बसतो आणि तिथे दोन्हींची सरमिसळ चालत नाही. ७ असो, १० असो, ११ असो, ६४ बिटवर उत्तर एकच.

ओलीशाई

शोधलं. 'एएमडी६४' नाही. फाइलीत कुठेच नाही.

म्हणजे डेस्कटॉपवर ३२ बिटच होती तर. मग ३२ बिटची विंडोज १० टाकू का? तशी होती ना?

पेटीमास्तर

होती. ११ मध्ये मात्र ३२ बिट आवृत्तीच नाही, म्हणून तुमची सरळ वाट बंद झाली.

पण तुमच्या लॅपटॉपवर ३२ बिट १० टाकण्यात अर्थ नाही. लॅपटॉपचं यूईएफआय ६४ बिटचं असणार, आणि यूईएफआयमधून विंडोज चालू करायची तर दोन्हींचं बिट जुळावं लागतं. जुळत नसेल तर पुन्हा सीएसएम हवं, आणि ते नसतं हे निशिगंध यांनी वर लिहिलंच आहे. समजा बसली, तरी १६ जीबीपैकी जेमतेम ४ जीबी रॅम वापरात येणार. ग्राफिक्सचा, वायफायचा ३२ बिट ड्रायव्हर मिळणं कठीण.

खडूफळा

आयएनएफची गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. माझं उपकरण ६४ बिट ड्रायव्हरचं होतं म्हणून १० वर चाललं. ओलीशाई, माझा वरचा सल्ला तुमच्यासाठी मागे घेतो. लॅपटॉप आपला, हे मत मात्र कायम.

सावलीतलं_ऊन

दोन पर्याय सुचवते. व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्राम बघा. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले पुष्कळ जुने स्कॅनर तो स्वतःच्या ड्रायव्हरने चालवतो. चाचणीची प्रत मिळते, फक्त स्कॅनवर खूण उमटते. तुमचं मॉडेल यादीत आहे का ते आधी तपासा.

दुसरा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, काही न पुसता. लिनक्समध्ये सेन नावाची स्कॅनरची व्यवस्था आहे, तिचीही स्कॅनरांची मोठी यादी आहे.

ओलीशाई

दोन्ही याद्या पाहिल्या. सेनमध्ये माझं मॉडेल नाही. व्ह्यूस्कॅनमध्ये आहे, पण मूळ सॉफ्टवेअरमध्ये रंगांच्या जुळवण्या मी १४ रोल करताना बसवून ठेवल्यात. उरलेले २६ वेगळ्या रंगात आले तर जीवाला चुटपुट लागेल. तरी हाताशी ठेवते.

दीपमाळ

मग लॅपटॉपवरची विंडोज जिथे आहे तिथे राहू द्या. जुनी विंडोज तिच्या आत चालवा. आभासी मशीन, म्हणजे एका प्रोग्रामने लॅपटॉपच्या आत उभा केलेला दुसरा संगणक.

ही काही खटपटी लोकांची पळवाट नाही. विंडोज ७ आली तेव्हा तिच्या प्रोफेशनल आणि वरच्या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनेच 'एक्सपी मोड' दिला होता. ७ च्या आत आभासी मशीनमध्ये एक्सपी, जुन्या प्रोग्रामांसाठी. तुम्हाला तेच करायचंय, एक पिढी पुढे.

त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम घ्या. विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही तुमच्या होम आवृत्तीत नाही, आणि असतं तरी उपयोग नव्हता, कारण जोडलेलं यूएसबी उपकरण ते असं आत देत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२ बिटची विंडोज ७ टाका. आभासी मशीनला ना यूईएफआय लागतं ना एनव्हीएमई. आतल्या विंडोजला साधी, जुन्या जोडणीची साटा डिस्क दिसते, त्यामुळे निशिगंध यांचे सगळे अडथळे गळून पडतात. ३ जीबी रॅम द्या, दोन कोअर द्या.

यूएसबीच्या पानावर कंट्रोलर मुद्दाम यूएसबी २ चा निवडा. ३ निवडलात तर आतल्या ७ कडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि स्कॅनर दिसत नाही. यात मी एक संध्याकाळ घालवली आहे.

मशीन चालू असताना खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसलं तर समजा बाहेरची विंडोज स्वतःच आभासीकरण वापरतेय. पेटीमास्तरांनी सांगितलेली मेमरी इंटिग्रिटी चालू असली की असं होतं. काम होतं, पण संथ. आधी तसंच चालवून पाहा. उगाच संरक्षण बंद करू नका.

आणि आतल्या विंडोज ७ चं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून काढूनच टाका. तिसरामजला यांची काळजी तिथे मिटते. स्कॅनरला इंटरनेट कशाला हवंय? फाइली शेअर्ड फोल्डरमधून बाहेर येतील.

पेटीमास्तर

+१. परवान्याचंही जमतं. रिटेल डबी आहे आणि जुना डेस्कटॉप बंद आहे. डेस्कटॉपसोबत आलेली विंडोज असती तर ती त्या मशीनलाच बांधलेली असती.

आडवाट_७

मध्येच विचारतो. मला खरोखरच ११ काढून १० हवीय. लॅपटॉपवर ११ प्रो आहे. आमच्या मोजमापाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर १० वरच प्रमाणित आहे, त्यात माझ्या हातात काही नाही. काय काय सांभाळू?

पेटीमास्तर

प्रो असल्याने परवान्यात १० प्रोवर उतरायची मुभा आहे. होमला ती नाही.

सगळ्यात आधी ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली आहे का ते बघा आणि बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी चावी कागदावर उतरवून घ्या. बायॉसमध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींना हात लावलात की पुढच्या वेळी मशीन ती चावी मागतं. नसली तर आतला डेटा गेला.

मग सगळ्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. क्लोनझिला हा प्रोग्राम चालेल. नुसता रिकव्हरी पेनड्राइव्ह पुरेसा समजू नका. डीआयएसएम या विंडोजमधल्या साधनाने सध्याचे सगळे ड्रायव्हरही बाहेर काढून ठेवा. ११ चे बरेच ड्रायव्हर १० वर बसतात.

सेटअपला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. इंटेलचा त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपला 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. तिसरामजला यांची एफ६ ची फ्लॉपी आठवा, प्रकार तोच.

तिसरामजला

फ्लॉपीला मोक्ष नाही!

आडवाट, एक भर. इंटेल बारावी पिढी किंवा पुढची असेल तर त्यात वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात. कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकायचं हे ११ ला जास्त नीट कळतं. १० चालेल, पण बॅटरीत आणि वेगात फरक पडू शकतो. वायफाय ६ई असेल तर ६ गिगाहर्ट्झचा पट्टा १० वर मिळणार नाही.

आडवाट_७

मशीन यंत्राशेजारीच राहणार आणि चार्जरवरच चालणार, त्यामुळे हरकत नाही. ४८ अंकांचं माहीत नव्हतं. धन्यवाद!

रानवाट

ओलीशाई, अवांतर विचारतो. तुमच्या स्कॅनरला धूळ आणि ओरखडे घालवायची इन्फ्रारेडची सोय आहे ना? बाबांचे काही रोल कृष्णधवल असतील तर त्यावर ती बंद ठेवा. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, म्हणून धूळ वेगळी ओळखता येते. कृष्णधवलमध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. सॉफ्टवेअर चित्रालाच ओरखडा समजून पुसायला लागतं.

ओलीशाई

अरे बापरे! पहिल्या १४ मध्ये दोन रोल कृष्णधवल होते आणि चेहऱ्यांच्या कडा विचित्र आल्या होत्या. मला वाटलं फिल्मच खराब झाली. ते दोन्ही पुन्हा करते.

ओलीशाई

(चार दिवसांनी)

चाललं!

३२ बिट ७ व्हर्च्युअलबॉक्समध्ये अर्ध्या तासात बसली. यूएसबी २ निवडलं होतं. तरी पहिल्या दिवशी स्कॅनर आत दिसायचा आणि सॉफ्टवेअर उघडलं की गायब व्हायचा. दीपमाळ यांनी निरोपातून नेमकं कारण सांगितलं. हा स्कॅनर चालू होताना एकदा तुटतो आणि वेगळ्या ओळखक्रमांकाने पुन्हा जोडला जातो. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्ये (कोणतं उपकरण आत द्यायचं त्याच्या नोंदीत) फक्त उत्पादकाचा क्रमांक ठेवला, बाकीचे रकाने रिकामे केले, मग दोन्ही वेळा तो आपोआप आत जायला लागला.

कासव आहे. स्कॅनिंगवर मात्र काही परिणाम जाणवत नाही, वेळ स्कॅनरच्या मोटरलाच लागतो. ४००० डीपीआयला, ४८ बिट रंगात, एक फोटो सुमारे १२८ एमबीचा होतो. रंगाच्या जुळवण्या जुन्या डेस्कटॉपच्या डिस्कवर होत्या. ती डिस्क यूएसबीच्या डबीत घालून काढल्या, सगळ्या मिळाल्या. नेटवर्क कार्ड काढून टाकलंय.

पंधरावा रोल झाला. त्यात आईचा शिलाई मशीनवर वाकलेला फोटो आहे, खिडकीतून प्रकाश येतोय. हा फोटो घरात कुणीच कागदावर पाहिला नव्हता. बाबांनी छापलाच नसावा. आईला दाखवला तर म्हणाली, ते ब्लाउज तुझंच होतं, शाळेच्या गॅदरिंगचं.

निशिगंध

वा! फार बरं वाटलं वाचून.

खडूफळा

अभिनंदन! आता त्या आभासी मशीनचा आख्खा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा. पुढचा लॅपटॉप आला की तोच उचलून तिकडे न्यायचा, पुन्हा बसवाबसवी नको.

ओलीशाई

ठेवला, दोन ड्राइव्हवर. आज सोळावा लावलाय.

दीपमाळ

कॉपी करताना मशीन पूर्ण बंद होतं ना? नुसतं झोपवलेलं असेल तर दुसऱ्या लॅपटॉपवर कधीकधी उघडत नाही.

ओलीशाई

झोपवलेलं होतं. सोळावा संपला की बंद करून पुन्हा घेते.